कलश लहान होता

॥ श्रीगुरवे नमः ॥



पितृपक्ष जवळ आला की आपल्या कुटुंबगटांवर ठरलेले प्रश्न येतात. तिथी कोणती धरायची, परगावी असलो तर श्राद्ध कसं करायचं, वगैरे. या वेळी मात्र एका गुरुभगिनीने वेगळंच विचारलं. तिचे सासरे गेले. तिसऱ्या दिवशी अस्थी आणायला निघताना दुकानदाराने विचारलं, "तांब्याचा देऊ, पितळेचा की मातीचा? लहान की मोठा?" घरात यावर कोणी कधी बोललंच नव्हतं. तिने लिहिलं होतं, "आत्मा तर निघून गेला. मग कलश कुठला घेतला याने काय फरक पडतो? आणि काहीच फरक पडत नसेल, तर त्या दुकानात उभी असताना मला इतकं रडू का आलं?"

उत्तरं भराभर आली. कोणी म्हणालं तांबं शुद्ध, कोणी म्हणालं माती ती माती. एकाने तर दुकानाचा फोटोच टाकला, भावासकट. तिचा प्रश्न मात्र तसाच राहिला. पत्रिकेचं काम पाहणाऱ्या काकांनी मला यावर लिहायला सांगितलं. मी काही शास्त्री नाही. पण या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट घडलेली आहे, ती त्यांना माहीत आहे.

*घडलं ते असं*

बाबा गेले त्याला आता १६ वर्षं झाली. इंदूरलाच गेले, थंडीचे दिवस होते. दहन लाकडांवर झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे अस्थी आणून तसंच ओंकारेश्वरला, नर्मदेवर जायचं ठरलं. कलश मी आदल्या संध्याकाळी बाजारातून आणला. तांब्याचा, कडेला नक्षी, वर घट्ट बसणारं झाकण. बाबा आयुष्यभर तांब्याच्या लोट्यातून पाणी प्यायचे, म्हणून तांबं. सुबक दिसत होता म्हणून अरुंद गळ्याचा. त्यात काय आणि किती ठेवायचंय, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

मुक्तिधामात मी, धाकटा भाऊ आणि आमचा एक आतेभाऊ होतो. दूध-पाणी शिंपडून झालं. तिथला माणूस सराईत हाताने राखेतून एकेक अस्थी काढून देत होता. इथले हिंदी शेजारी याला 'फूल चुनना' म्हणतात, आपण 'सावडणं' म्हणतो. लहान तुकडे कलशात गेले. मग एक लांब तुकडा निघाला, हाताचा की मांडीचा ते कळलं नाही. कलशाचं तोंड तीन बोटांचं. त्याने सरळ घालून पाहिला, तिरका करून पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "भैया, तोड़ दूँ? छोटा करके डाल देते हैं."

मागे आणखी दोन घरची माणसं थांबली होती. फाटकाशी गाडी उभी होती. मी म्हणालो, "हाँ, जल्दी कर दो."

त्याने हातातल्या बांबूने दोनदा ठोकलं. कौल फुटावं तसा आवाज आला. धाकटा भाऊ पाठ फिरवून उभा राहिला. कोणी काही बोललं नाही. झाकण बसलं, आम्ही निघालो, ८० एक किलोमीटरवर ओंकारेश्वरला जाऊन विधी केला आणि रात्री घरी आलो.

ताईला त्या दिवशी यायचं होतं. 'बायका येत नाहीत' म्हणून आम्ही तिला घरीच थांबवलं होतं. तिने दार उघडताच विचारलं, "सगळं नीट झालं ना रे?" मी म्हणालो, "हो."

*दोन उत्तरं, दोन्ही अपुरी*

पुढे मी हे दोघांना सांगितलं.

एक आमच्या दूरच्या काकू. त्या घाबरल्याच. म्हणाल्या, अस्थी मोडली म्हणजे जिवाला क्लेश झाले, शांत करून घे. दुसरा माझा भाचा, कॉलेजात शिकणारा. तो म्हणाला, "मामा, त्यात उरतं काय? कॅल्शियम फॉस्फेट. आजोबा तिथं नव्हतेच. कोणालाच काही झालेलं नाही."

काकूंचं म्हणणं मला पटलं नाही, आणि आपल्यापैकी कोणी त्यामुळे भ्यावं असंही वाटत नाही. देह वेगळा आणि देही वेगळा हे आपण दर पारायणात ऐकतो, गीतेचा दुसरा अध्याय कितीतरी जणांना पाठ आहे. अग्नीने ज्याला काही होत नाही, त्याला एका बांबूने काय होणार? असं भय घातलं की माणूस दुःखातही पैसे मोजायला उभा राहतो, आणि तसं मोजून घेणारेही भेटतात.

भाच्याचं म्हणणं वस्तुस्थिती म्हणून खरं आहे. जळलेल्या हाडात मुख्यतः कॅल्शियमचे क्षार उरतात. विजेच्या किंवा गॅसच्या दाहिनीत मोठ्या माणसाचं सगळं मिळून २ ते ३ किलो उरतं, आणि हाड इतकं ठिसूळ झालेलं असतं की नुसत्या हाताळण्यानेही मोडतं. हे सगळं मान्य करून मी त्याला विचारलं, "समज, त्या माणसाने ती राख पायाने सारली असती, तर तू चालवून घेतलं असतंस?"

तो म्हणाला, "नाही."

"का? आजोबा तर तिथं नव्हते."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तसं बरोबर नाही वाटत."

म्हणजे क्षारांपलीकडे काहीतरी आहे हे त्यालाही मान्य आहे. ते हाडात नाही हेही खरं. मग ते कुठे आहे? गुरुभगिनीचा प्रश्न मला इथेच येऊन पोचतो असं वाटतं.

*जुन्या माणसांनी काय सांगून ठेवलंय*

आश्वलायन गृह्यसूत्रात अस्थी गोळा करण्याचा विधी आहे. पुरुषाच्या अस्थी खुणा नसलेल्या कुंभात, स्त्रीच्या खुणा नसलेल्या कुंभीत ठेवाव्या. शमीच्या फांदीने दूध-पाणी शिंपडावं. अंगठा आणि अनामिकेने एकेक अस्थी उचलावी. आधी पायांच्या, सगळ्यांत शेवटी डोक्याची. आणि ठेवताना आवाज होऊ देऊ नये.

हे शेवटचं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. मला तो बांबूचा आवाज आठवला.

एक लक्षात घ्या. आवाज झाला तर अमुक पाप लागेल, असं तिथे म्हटलेलं नाही. अस्थीला दुखेल असंही नाही. मग नियम कशासाठी? मला वाटतं तो हातासाठी आहे. दोन बोटांनी, एकेक, आवाज न करता ठेवायचं म्हटलं की घाई करताच येत नाही. भांडं कसं आहे, हे आधीच बघावं लागतं.

दूर जपानमध्येही जवळपास हेच आढळतं. तिथे दहनानंतर घरची माणसं लांब काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवतात. दोघांनी मिळून एक अस्थी उचलायची असते, म्हणून तिथे जेवताना एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास देणं अशुभ मानतात. तिथेही पायाकडून सुरुवात करतात आणि डोकं शेवटी, म्हणजे माणूस कलशात सरळ बसलेला राहतो. देशाच्या पूर्वेकडे मोठा कलश घेऊन सगळ्या अस्थी ठेवण्याची चाल आहे, पश्चिमेकडे लहान कलश घेऊन निवडक. म्हणजे लहान कलश हा दोष नाहीच. त्यात काय ठेवायचं हे आधी ठरवलेलं असलं, की झालं.

मोडणं हाही स्वतःहून दोष नाही. अमेरिकेत दहनानंतर उरलेली हाडं यंत्रात दळून पूड घरच्यांच्या हाती देतात. आपल्यातल्या ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांना हे ठाऊक आहे. तिथला तो रिवाज आहे, कोणाचा अनादर करायचा म्हणून ते करत नाहीत. तेव्हा ज्यांच्या घरी अशी पेटी आली, त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

मग माझं नेमकं चुकलं काय? बऱ्याच वर्षांनी मला एवढं सांगता येतं. मी कलश घेतला तो दिसायला बरा म्हणून, आणि मग बाबांना त्यात बसवलं. बसत नव्हते, तर मोडून बसवलं. खरं तर तो तुकडा स्वच्छ पंचात गुंडाळून तसाच नेता आला असता. फाटकाबाहेर मातीची मडकी विकायला होती, दहा मिनिटांचं काम होतं. पण मी गाडीकडे आणि मागच्या माणसांकडे पाहिलं. आणि घरी आल्यावर 'हो' म्हणालो.

*वाटणीचा प्रश्न*

कलशावरून दुसरा एक वाद घरोघरी होतो, तो म्हणजे अस्थी कोणाच्या आणि कुठे न्यायच्या. आमच्याकडेही झाला. मी नर्मदेवर अडलो होतो. धाकट्याचं म्हणणं, घराणं मूळचं नाशिककडचं, थोड्या तरी रामकुंडावर न्याव्या. मी त्याला गप्प केलं.

यावर बौद्ध ग्रंथांतली एक हकिकत सांगण्यासारखी आहे. कुशीनगरला भगवान बुद्धांचं दहन झाल्यावर मगधाचा अजातशत्रू, वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य अशा आठ जणांनी अस्थींवर हक्क सांगितला. गोष्ट लढाईवर आली. तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने समजावलं, की ज्यांनी क्षमा शिकवली त्यांच्या अस्थींवरून रक्त सांडणं शोभत नाही. त्याने स्वतः आठ सारखे भाग केले. सगळ्यांना देऊन झाल्यावर स्वतःसाठी त्याने काय मागितलं? ज्यात अस्थी ठेवल्या होत्या ते रिकामं भांडं. त्यावर त्याने स्तूप बांधला. मोरिय उशिरा आले, त्यांना चितेतले निखारे मिळाले, त्यांनी त्यावरही स्तूप बांधला.

आठ भाग झाले म्हणून कोणाच्या वाट्याला बुद्ध कमी आले नाहीत. ज्याला फक्त भांडं मिळालं त्यालाही नाहीत. तेव्हा थोडं नर्मदेवर, थोडं गोदेवर, असं कोणी म्हटलं तर भांडू नये. पंडित नेहरूंनी १९५४ सालीच लिहून ठेवलं होतं की मूठभर रक्षा गंगेत सोडावी आणि बाकीची विमानातून शेतांवर विखुरावी. १९६४ साली ते गेल्यावर तसं झालं. जाणाऱ्याने आधी सांगून ठेवलं तर मागच्यांना किती सोपं जातं!

आणि वाटणीपेक्षा विसरणं जास्त वाईट. गांधीजींच्या रक्षेचे कलश १९४८ साली देशभर गेले. त्यातला एक कटकच्या एका बँकेच्या तिजोरीत तसाच राहून गेला होता. १९९७ साली तो प्रयागच्या संगमावर विसर्जित झाला. महात्म्याच्या बाबतीत असं होतं, तर आपलं काय? २०२१च्या लाटेत कितीतरी स्मशानांमध्ये न नेलेले कलश ओळीने राहिले होते. त्यामागे बहुतेकांची लाचारी होती, दोष देऊ नये. पण ज्यांना जाता येत होतं आणि ज्यांनी 'बघू पुढच्या महिन्यात' म्हटलं, त्यांनी विचार करावा.

*आईच्या वेळी*

आई गेली ४ वर्षांपूर्वी. त्या रात्रीच ताई म्हणाली, "या वेळी मी येणार. विचारत नाहीये, सांगतेय." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. पुढे वाचनात आलं की बौधायनांच्या पितृमेधसूत्रात अस्थी वेचण्याचं काम बायकांकडेच दिलेलं आहे. आणि ज्या आश्वलायनांचं वर सांगितलं, त्यांनी कलश नदीत सोडायला नव्हे, तर खड्ड्यात ठेवायला सांगितला आहे. तेव्हा 'आपल्यात असंच चालत आलंय' म्हणताना थोडं जपूनच म्हणावं.

कलश ताईनेच आणला. कुंभाराकडून, मातीचा, रुंद तोंडाचा. मी म्हटलं, "अगं, एवढा मोठा कशाला?" तर तिने मडक्यात मनगटापर्यंत हात घालून दाखवला. म्हणाली, "माझा हात तळाशी गेला पाहिजे. वरून टाकणार नाही मी."

आम्ही उजाडायच्या आत गेलो, म्हणजे मागे कोणी थांबलेलं नसेल. तिथल्या माणसाला सांगितलं, आम्हीच वेचतो, तू फक्त दाखव. त्याने मुकाट्याने बाजूला होऊन जागा दिली. ताईने पायांकडून सुरुवात केली. तिने काही वाचलेलं नव्हतं. "पायांशीच बसायचे ना मी आईच्या," एवढंच म्हणाली. प्रत्येक अस्थी हाताने तळाशी नेऊन ठेवत होती. मी आणि धाकटा राख चाळून तिच्या हातात देत होतो. पाऊण तास लागला. मडक्याचं तोंड पांढऱ्या कापडाने बांधलं आणि आम्ही तिथेच बाकावर बसलो.

तिथे मी तिला बाबांच्या वेळचं सांगितलं. बारा वर्षांनी.

ती म्हणाली, "माहीत आहे मला. धाकट्याने त्याच रात्री सांगितलं होतं. तू कधी सांगतोस ते बघत होते."

ती रागावली नव्हती. पण इतकी वर्षं तिने वाट पाहिली होती, हे मला बांबूच्या आवाजापेक्षा जड गेलं. बाबांना माझ्यामुळे काही झालं नसेल. ताईला झालं होतं. तिला आम्ही दाराबाहेर ठेवलं, वर खोटं सांगितलं.

आईच्या अस्थी दोन जागी गेल्या. अर्ध्या नर्मदेवर, अर्ध्या नाशिकला. या वेळी धाकट्याने विचारायच्या आधीच मी म्हटलं.

*तर, फरक पडतो का?*

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून मला समजलं तेवढं सांगतो.

गेलेल्या माणसाला कलशाने फरक पडतो असं मला वाटत नाही. तांबं, पितळ, माती, काहीही घ्या. महाग घेतला म्हणून प्रेम जास्त होत नाही, स्वस्त घेतला म्हणून कमी होत नाही.

फरक पडतो तो आपल्याला. आपण माणसासाठी जे जे करतो त्यात परत काहीतरी येतं. जेवू घातलं तर तृप्तीचा शब्द येतो, औषध दिलं तर आशीर्वाद येतो, चुकलं तर बोलणी तरी येतात. अस्थी सावडताना समोरून काहीच येणार नसतं. पाहायलाही कोणी नसतं. सद्गुरू ज्याला फळाची आशा सोडून केलेलं कर्म म्हणतात, ते आयुष्यात एकदा तरी आपल्या हातात असं आयतं येतं. ते आपण कसं करतो, यावरून आपण कसे आहोत ते आपल्याला कळतं. दुकानात तुम्हाला रडू आलं ते मला वाटतं यामुळेच. त्या माणसासाठी निवडण्यासारखी ही शेवटचीच वस्तू होती. ते रडू चुकीचं नव्हतं. मला त्या संध्याकाळी बाजारात रडू आलं नाही, तिथेच काहीतरी बिघडलं होतं.

आईच्या वेळी नीट केलं म्हणून बाबांच्या वेळचं फिटलं का? पुष्कळदा विचार केला. मला वाटतं नाही फिटलं, आणि फिटावं अशी अपेक्षाही ठेवू नये. पितृपक्षात तर्पणाला बसतो तेव्हा ते आठवतं, तेवढं राहू द्यावं.

घरोघरी उपयोगी पडेल म्हणून चार गोष्टी लिहितो:

🔹 आपलं काय करावं, कुठे न्यावं, हे धडधाकट असतानाच घरात सांगून ठेवा. अभद्र काही नाही त्यात.

🔹 कलश रुंद तोंडाचा घ्या, हात आत जाईल असा. लहान घेतला तर काय ठेवायचं ते आधी ठरवा. उरेल ते स्वच्छ पांढऱ्या कापडात बांधून न्या.

🔹 घाईची वेळ टाळा. गाडी थोडी उशिरा निघाली तर चालते.

🔹 घरातल्या लेकी-सुनांना यायचं असेल तर अडवू नका.

🔹 प्लास्टिकच्या पिशव्या, फोटोच्या चौकटी नदीत सोडू नका. मडकंही भाजलेलं असेल तर विरघळत नाही, खापऱ्या होऊन तळाशी राहतं. आतलं अर्पण करा, भांडं काठावर ठेवा.

🔹 आणि चुकून काही मोडलं, सांडलं, तर घाबरू नका. घरी येऊन खरं ते सांगा.

चार म्हणता म्हणता सहा झाल्या. चूकभूल द्यावी घ्यावी. ज्यांच्या घरी अलीकडे असा प्रसंग झाला आहे त्यांच्या दुःखात आपण सगळे आहोत.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥ 🙏

– एक गुरुबंधू, इंदूर